दावं न घेता आणलेली भट्टी

आधी हातातला चहा संपवा. मागे हा किस्सा सांगताना आमच्या व्याह्यांना ठसका लागला, चहा नाकातून आला, सदरा त्यांचा खराब झाला आणि बोलणी मला बसली. संपला चहा? बरं, मग ऐका, एका लोखंडी भट्टीपायी मी माझी अब्रू कशी घालवली ते. आणि हे लक्षात ठेवा, मला कोणी फसवलं नाही. कोणी फसवलं असतं तर निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. मी जे काही केलं ते स्वतःच्या अकलेनं केलं.

एकसष्ट-बासष्टचं साल असेल. मी तेव्हा यवतमाळला बांधकाम खात्यात भांडारबाबू होतो. फावडी, घमेली, डांबराची पिंपं आणि गावाबाहेरचा एक जुना डाकबंगला, एवढं माझं राज्य. मूळचा मी फुलसावंगीकडचा, बंजारा तांड्यावरचा. बाप बैलांचा व्यापारी, बाजार-बाजार फिरणारा. घरात मॅट्रिक झालेला मी पहिलाच. त्यामुळं दोन गोष्टींचा मला फार गर्व होता. एक मॅट्रिकचा आणि दुसरा बापाकडून शिकलेल्या सौद्याच्या कलेचा. याडी, म्हणजे माझी आई, माझ्याजवळच राहायची. मॅट्रिकचं ती चारचौघांत कौतुक करायची. सौद्याचा विषय निघाला की मात्र उठून चुलीकडे जायची. का जायची, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं!

तर हा डाकबंगला गोऱ्या साहेबांच्या वेळचा. त्याच्या स्वैपाकघरात भिंतीतच बसवलेली एक भट्टी होती. तुम्ही अशी पाहिली नसेल म्हणून सांगतो. खाली जाळाचं तोंड, त्यात लाकडं घालायची. त्याच्यावर भिंतीत घट्ट बसवलेली काळी लोखंडी पेटी. तिला जाडजूड दार, दाराला पितळी मूठ, मागून धुराडं वर गेलेलं. खाली जाळ लावला की पेटी तापायची आणि आत पाव भाजायचा. आमचा खानसामा जुम्मनचाचा तिच्यात पाव करायचा, नानकटाई करायचा. दूध-अंड्याचं एक थरथरणारं पुडिंगही करायचा, ते खाऊन साहेब लोक कागदावर सही कुठं करायची तेही विसरायचे.

एके दिवशी त्या भट्टीचा तळच गळून पडला. इतकी वर्षं जाळ खाऊन खाऊन लोखंड पापडासारखं झालं होतं. वरची नानकटाई थेट खालच्या विस्तवात! चाचा त्या दिवशी जेवला नाही.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. त्याच आठवड्यात वरून कागद आला. मोठे साहेब तपासणीला येणार, डाकबंगल्यात जेवणार, आणि इथलं स्वैपाकघर चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवणार. स्वैपाकघर बंद म्हणजे खानसाम्याची जागा रद्द. आणि जागा म्हणजे नुसती नोकरी नाही हो! स्वैपाकघरामागची खोलीही गेली. चाची त्याच खोलीत नांदली, त्याच खोलीत वारली. म्हाताऱ्याला दुसरं छप्पर नव्हतं.

"बाबूजी," चाचा मला म्हणाला, "मेरे हाथ में अभी जान है. बस, नीचे भट्टी होना."

आमचे ओव्हरसियर म्हणाले, "नागपूरले जुन्या सामानाचा बाजार आहे. साहेब लोकांचं मोडीत निघालेलं सारं तिथं येते. कोन जाते भट्टी पाह्यले?"

सगळे आपापल्या फायलीत शिरले. मी उभा राहिलो.

"तुले भट्टीतलं काई समजते का?"

"साहेब, ज्याले बैलातलं समजते त्याले सारं समजते."

हे वाक्य मी बोललो. मीच! आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

पण अगदीच काही न पाहता गेलो असं समजू नका. मला भलती उत्सुकता. जुन्या भट्टीत डोकं घालून पाहिलं, काजळी नाकात गेली. सुतळी घेऊन लांबी, रुंदी, उंची मोजली आणि एकेका मापाला एकेक गाठ मारली. मग चाचाला विचारलं, "या भट्टीत खोड काय होती?"

"एक ही खोड थी. आँच सीधी लगती थी. जरा नज़र हटी के पाव जल गया."

मी मनात नोंद केली. नवी भट्टी अशी पाहिजे की पाव करपता कामा नये. झालं, एवढ्या ज्ञानावर मी खात्याच्या ट्रकमध्ये बसून नागपूरला निघालो. ट्रक डांबर आणायला चाललाच होता.

आता बापाची शिकवण सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. बैलबाजारात आमचा बाप जो बैल घ्यायचा त्याच्याकडे पाहायचाच नाही. पलीकडच्या बैलाचे दात मोजायचा, त्याच्या शेपटीला नावं ठेवायचा, आणि जाता जाता पाठ फिरवून विचारायचा, 'हा इकडचा मुडदार कितीले देतो?' का? तर गिऱ्हाईक गरजू दिसलं की व्यापारी चढतो. काय पाहिजे ते तोंडातून काढायचं नाही, हा पहिला नियम.

दुकान मोठं होतं. न्हाणीघराची टपं, गॅसबत्त्या, काळविटाची शिंगं, काय नव्हतं! शेठ गादीवर बसला होता. "क्या चाहिए, बाबू?"

आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसानं काय म्हटलं असतं? 'भट्टी.' एक शब्द! तेवढा उच्चारला असता तर आज तुम्हाला सांगायला माझ्याजवळ किस्सा नसता.

"कुछ नहीं," मी म्हणालो. "ऐसेच देखने आया."

आणि बघतच फिरलो. शिंगांना हात लावला, टपाला टिचकी मारली. मध्येच एक पांढरीशुभ्र, चिनीमातीसारखी दिसणारी पेटी होती. तिच्या दारावर गोल काच, काचेत आकडे आणि एक काटा. मी छत्री तिच्याच मुठीला अडकवली आणि म्हणालो, "घड़ी बंद है इसकी."

"बाबू, वो घड़ी नहीं है, वो तो..."

"रहने दो, रहने दो!" मी शेठला बोलूच दिलं नाही. विकणाऱ्याला बोलू दिलं की तो नको ते गळ्यात मारतो. हेही बापाचंच.

आणि मग कोपऱ्यात मला ती दिसली. काळी, जाडजूड दाराची, पितळी मुठीची! आत दोन कप्पे. दार किलकिलं, मध्ये गोणपाटाची घडी घातलेली. अगदी आमच्या भट्टीची थोरली बहीण. माझं काळीज धडधडायला लागलं, पण चेहरा मी बैलबाजारातला ठेवला. सुतळीची गाठ सोडवतोय असं दाखवून हळूच माप घेतलं. बरोब्बर! दोन बोटांचा काय तो फरक, तो सिमिटात गेला असता.

"ये काला डिब्बा कैसा है?" मी छताकडे पाहत विचारलं.

"क्या माल है, बाबू! तीन घंटा आग में रखो, अंदर की चीज़ को आँच नहीं लगेगी."

अहो, मला तिथंच नाचावंसं वाटलं! चाचाची एकच तक्रार होती आणि तिच्यावर हा रामबाण उपाय समोर उभा होता.

"दीवार में बैठेगा?"

"दीवार के वास्तेच है. एक बार बैठा दिया, तो फिर कोई माई का लाल निकाल नहीं सकता."

"चूहा?"

"चूहा क्या, चोर नहीं घुसेगा!"

पावाला कशाला चोर येतो, असं मी मनात हसलो. मग सौद्याला बसलो. खांद्यावरचा पंचा काढला, शेठच्या हातावर टाकला आणि पंच्याखाली त्याची दोन बोटं धरली. आमच्याकडे बैलाचा भाव असाच होतो, बाहेरच्याला कळत नाही. शेठनं मात्र विंचू चावल्यासारखा हात मागं घेतला. "अरे भाई, ये क्या कर रहे हो?" पण मी पुन्हा धरली, पुन्हा धरली, आणि शेवटी आपली बोटं सोडवण्यासाठी का होईना त्यानं भाव उतरवला. मी मनात म्हटलं, बापा, तू पाहायला पाहिजे होतास!

मग शेठनं गल्ल्यातून दोन किल्ल्या काढून पुढं केल्या.

क्षणभर मी थबकलो. भट्टीला किल्ली? पण लगेच उत्तर सापडलं. गोरे साहेब नोकरांपासून पाव कुलपात ठेवत असतील! आमच्या चाचावर असला संशय कोण घेणार? आणि तेवढ्यात बापाचा दुसरा नियम आठवला. विकणारा बैल देतो, दावं देत नाही. दावं, म्हणजे बैल बांधायचा दोर, ते घरधन्याजवळच राहायला पाहिजे. दाव्यासंगं त्याच्या घरची लक्ष्मी जाते. चांगलं गिऱ्हाईक ते मागत नाही, दिलं तरी घेत नाही. स्वतःचं नवीन दावं लावून बैल आणतो.

मी हात जोडले. "किल्ली तुम रखो, शेठ."

"अरे? चाबी के बगैर..."

"जानवर लेते हैं, रस्सी नहीं लेते. तुम्हारी लक्ष्मी तुम्हारे पास."

शेठ माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं किल्ल्या परत गल्ल्यात टाकल्या आणि मला चक्क नमस्कार केला. मला तेव्हा वाटलं, माझ्या खानदानीपणाला केला.

पेटी ट्रकमध्ये चढवायला आठ हमाल लागले. आठ! जुनी भट्टी दोघांनी काढली होती. तिथं तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता की नाही? पण मला वाटलं, जुन्या काळचा माल आहे, वजनदार असणारच. ट्रक निघाला तसा शेठ मागून ओरडला, "दरवाज़ा पूरा मत लगाना!" म्हटलं, रंग ओला असेल.

भट्टी बसवायला नामदेव मिस्त्री आला. त्याच्यासारखा गवंडी आमच्या भागात नव्हता. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून त्यानं दारू सोडली होती आणि खोटं बोलणंही सोडलं होतं. दारू सोडलेली बरी, पण खोटं बोलणं त्यानं जरा बेतानं सोडायला पाहिजे होतं, असं मला पुढं वाटलं.

"बाबू," पेटी ठोकून तो म्हणाला, "हिचा आवाज भरीव येऊन राह्यला. आन् वाफ निंगायले भोक नाई."

"नवीन पद्धतीची आहे. वाफ आतल्या आत जिरते."

"आन् बाहेरून एवढी मोठी, आतून एवढी लहान काहून?"

"जाड भिंत म्हंजे गरमी टिकते."

मला कोणी काही विचारलं की उत्तर तयार! खरंच सांगतो, त्या दोन दिवसांत मी भट्टीशास्त्रावर जेवढं बोललो तेवढं कोणी इंजिनियर जन्मात बोलला नसेल. आख्खं ऑफिस पाहायला आलं. ओव्हरसियरांनी पितळी मुठीवरून हात फिरवला आणि "वा!" म्हणाले. याडीही आली. पेटीभोवती एक चक्कर मारली, पाठीवर थाप मारली.

"देव्या," ती म्हणाली, "चामडं लय जाड आहे. असा बैल चाबकानं बी हालत नाई."

"याडी, हा बैल नाई, भट्टी आहे."

"मंग तू बैल घेतल्यावानी काहून घेतली?"

अडाणी बाई, तिला काय समजतं, असं मनात म्हटलं. देवा, मला क्षमा कर.

नामदेवनं पेटी भिंतीत बसवली, लोखंडी पट्ट्या मारल्या, सिमिट भरलं. म्हणाला, "बाबू, आता भिंत पडंन पन हे पडनार नाई."

साहेबांचा दिवस उजाडला. दुपारी जेवायला येणार होते. आदल्या दिवशी सिमिट ओलं, म्हणून जाळ लावून पाहता आला नव्हता. सकाळीच चाचानं धुतलेला पायजमा घातला, दाढीला कंगवा केला. गावातला जेवढा चांगला मैदा मिळाला तेवढा मळला, अंडी फेटली. खाली बाभळीची लाकडं पेटवली. मी खुर्ची टाकून समोर बसलो.

एक तास झाला. स्वैपाकघर असं तापलं की नामदेव, पट्ट्या पाहायला आला होता तो, अंगातला सदरा काढून बसला. मी घामानं निथळत होतो. याडी पदरानं वारा घेत होती. चाचानं दार उघडलं आणि पेटीत हात घातला. मग दुसरा हात घातला. मग हळूच गाल नेला.

"बाबूजी, अंदर तो ठंडक है."

"असं कसं?"

मीही हात घातला. काय सांगू तुम्हाला! त्या आख्ख्या खोलीत थंड जागा ती एकच होती. उन्हाळ्यात माठ ठेवावा अशी!

"धीमी भट्टी आहे," मी म्हणालो. "दार उघडं ठेवलं तर गरमी धरणार कशी? ते गोणपाट काढा, पाव आत ठेवा, दार घट्ट लावा."

"बाबू, दुकानदार काई बोलला असंन नं या गोनपाटाबद्दल?" नामदेवनं विचारलं.

"तो रंगाबद्दल बोलला."

पावाचे सगळे साचे आत गेले. पुडिंगचं भांडं आत गेलं. मी स्वतः दार ढकललं आणि पितळी मूठ फिरवली.

खट्ट.

काय ठोस आवाज होता तो! चाचानं मूठ उलटी फिरवली. फिरेना. मी फिरवली, नामदेवनं फिरवली. मग आम्ही तिघांनी मिळून ओढली. नामदेव खाली बसला, मुठीजवळच्या पितळी पट्टीवर त्यानं बोट फिरवलं. पट्टी सरकली. आत किल्लीचं भोक.

खाली लाकडं तडतडत होती.

"बाबू," नामदेव शेवटी म्हणाला, "मी खोटं बोलत नाई. हे भट्टी नाई. हे तिजोरी आहे."

तिजोरी! भिंतीतली, आगीत न जळणारी, एकदा बसवली की माईच्या लालाला न निघणारी तिजोरी! शेठ एक शब्द खोटा बोलला नव्हता. तीन घंटे आगीत ठेवा, आतल्या चिजेला आच लागणार नाही. आणि आमची आतली चीज म्हणजे कच्चा पाव!

"चाबी?" चाचानं विचारलं. अगदी हळू विचारलं.

"नागपुरात."

"क्यों?"

मी पुन्हा छताकडे पाहिलं. म्हातारा उंबऱ्यावर बसला. रागावला नाही, ओरडला नाही. धुतलेल्या पायजम्याला राख लागली तीही त्यानं झटकली नाही. फक्त मागच्या खोलीकडे एकदा पाहिलं. त्या नजरेनं मी जेवढा लाजलो तेवढा आयुष्यात कधी लाजलो नाही. गेली ती अब्रू माझी होती, पण जाणार होतं ते घर त्याचं होतं हो!

अशा वेळी पुरुषमाणसं काय करतात? डोक्याला हात लावून बसतात. आम्ही तिघं बसलो. याडी उठली. तिनं पदर खोचला, वाकून जाळाच्या तोंडात पाहिलं आणि म्हणाली, "इंगय तर सोन्यावानी झाला आहे. कनीक आहे का घरात?"

"कनीक कायले?"

"तुह्या तोंडात भराले! आन लवकर."

चाचाच्या डब्यात गव्हाचं जाडं पीठ होतं. याडीनं त्यात मीठ घातलं, तेलाचं मोहन घातलं, घट्ट गोळे वळले आणि निखारे बाजूला सारून राखेत पुरले. तांड्यावर मुक्कामाच्या जागी, चूल मांडायलाही वेळ नसे तेव्हा, बाया असंच करायच्या. चाचा धडपडत उठला. "अम्मा, साहब को राख की रोटी?"

"साहेब काय लोखंड खाते? तू रस्सा कर."

चाचानं कोंबडीचा रस्सा केला. मसाला जराही चुकला नाही.

मोठे साहेब आले. गोरेपान, चष्मा, बोलणं पुस्तकातल्यासारखं. "भोजनाची व्यवस्था झाली आहे ना?" मी नुसती मान हलवली. याडीनं राख झटकलेले गोळे तुपात फोडून ताटात ठेवले. साहेबांनी पहिला तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला. आणि थांबले. मी देव पाण्यात घातले होते. साहेबांनी दुसरा तुकडा मोडला. मग चमचा बाजूला सारून चारी बोटांनी जेवायला लागले.

चार गोळे संपले. हात धुऊन साहेब म्हणाले, "हे कोणत्या भट्टीत केलं? मला पाहायची आहे."

आली का पंचाईत! स्वैपाकघरात गेलो. साहेब भिंतीसमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे काय आहे?"

"भट्टी, साहेब," मी म्हणालो.

"तिजोरी, साहेब," नामदेव म्हणाला. बघा, मी म्हटलं नव्हतं?

"उघडा."

"उघडत नाही, साहेब."

"किल्ली कुठं आहे?"

"दुकानदाराजवळ."

"त्यानं दिली नाही?"

"दिली होती. मी घेतली नाही."

"का घेतली नाही?"

जमिनीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मान खाली घालून मी पुटपुटलो, "साहेब, बैल घेतला तरी दावं घेत नाहीत..."

मग काहीतरी विचित्र आवाज आला. वर पाहिलं तर मोठे साहेब भिंतीला टेकून, पोट धरून हसत होते. चष्मा नाकावरून घसरला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्यांचं पुस्तकी बोलणं कुठल्या कुठं उडून गेलं होतं.

"अबे, दावं घेतलं नाई म्हंते! माहा बाप बी घेत नव्हता बे! अरे, पन तिजोरीचं?"

साहेब दर्यापूरकडच्या कास्तकाराच्या घरचे निघाले. मग काय विचारता! उंबऱ्यावरच बसले, याडीकडून आणखी एक गोळा मागून घेतला आणि खात खातच शेरा लिहिला. स्वैपाकघर चालू ठेवावे. खानसामा कायम. चाचा रडायला लागला. मीही थोडा रडलो, पण माझ्यासाठी पुढं काय लिहिलंय ते अजून वाचलं नव्हतं.

पुढं लिहिलं होतं, 'योग्य भट्टी ताबडतोब खरेदी करावी. खरेदीस भांडारबाबूस पाठवू नये. त्यांच्या मातोश्रींस पाठवावे.'

शेठला तार ठोकली आणि चौथ्या दिवशी किल्ल्या मोटारीच्या कंडक्टरबरोबर पाकिटातून आल्या. सोबत शेठची चिठ्ठी. लिहिलं होतं, तिजोरी घेऊन किल्ली सोडून जाणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, आपण जरूर कोणी विरक्त महात्मा आहात. म्हणजे तो नमस्कार त्यासाठी होता! दार उघडलं, तर फुगलेलं पीठ दोन्ही कप्पे भरून आमच्याकडे पाहत होतं. करपलं नव्हतं मात्र. आंबट वास आठ दिवस गेला नाही.

याडी आणि चाचा दोघंच नागपूरला गेले. दुकानात शिरल्याबरोबर याडीनं म्हणे उभ्याउभ्याच सांगितलं, "पाव भाजाची भट्टी पायजे." संध्याकाळी भट्टी घेऊन परत! पांढरीशुभ्र. दारावर गोल काच, आत गरमी दाखवणारा काटा. आणि मुठीला माझी छत्री.

"याडी, भाव पाडला का?" मी विचारलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

"पाडला. खरं सांगतलं त् मानूस बी खरं सांगते." मग ती पहिल्यांदाच त्या विषयावर बोलली. "तुहा बाप बैलाकडे न पाह्यता बैल घे, म्हून तर आपल्या दावनीले सदा एक लंगडा राहे. लेकराले कसं सांगू, म्हून मी उठून जाओ."

आता किस्सा इथं संपला असता तर मी वाचलो असतो. पण तिजोरी राहिली ना भिंतीत! साहेबांचा हुकूम आला की ऑफिसला तिजोरी हवीच होती, ती काढून भांडारबाबूच्या टेबलाजवळ बसवावी. नामदेवनं पहार लावली, घण मारले, दोन दिवस खपला. भिंतीला तडा गेला, तिजोरी ढिम्म. शेवटी ओव्हरसियरांनी डोकं चालवलं. तिजोरी टेबलाजवळ येत नाही ना? मग टेबल तिजोरीजवळ न्या!

नामदेवनं तिजोरीखालचं जाळाचं तोंड विटांनी बुजवलं, पांढरी भट्टी शेजारच्या भिंतीत बसवली, आणि माझं टेबल स्वैपाकघरात आलं. रिटायर होईपर्यंत मी तिथं बसलो. एका बाजूला चाचाचा पाव, दुसऱ्या बाजूला माझ्या फायली. कोणी विचारलं, 'बाबू कुठं आहेत?' की शिपाई सांगायचा, 'कांदे चिरून राह्यले.' आणि खोटं नाही, चिरायचोही.

पहिल्या दिवशी टेबलावर बसलो तेव्हा याडी आली. हातात आंबाडीचं कोरं करकरीत दावं. त्यात तिनं तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या ओवल्या, गाठ मारली आणि सगळ्या ऑफिसदेखत ते माझ्या गळ्यात घातलं.

"याडी, हे काय?"

"दावं घेत नाईत ना, देव्या?" ती म्हणाली. "घेऊ नको. बांधून घे."